आस्माच्या ओळी

“...पण इचलकरंजीला तिला एकटीला जमेल का, वस्ताद?”

वस्ताद चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

कोल्हापुरात एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी प्रोग्रामर मंडळी जमत. जोडीनं काम कसं करायचं ते शिकायला. एक संगणक, दोन खुर्च्या. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. बोलणाऱ्यानं कीबोर्डला हात लावायचा नाही, लिहिणाऱ्यानं मनचं लिहायचं नाही. थोड्या वेळानं अदलाबदल. गाव कुस्तीचं, म्हणून खोलीला नाव पडलं तालीम, आणि शिकवणारे निवृत्त इंगवले झाले वस्ताद. दंड थोपटायची सवय मात्र काही जण घरूनच घेऊन येत.

रणधीर त्यातला. हुशार होता, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी सकाळी वस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले होते, इचलकरंजीला नवी तालीम काढायचीय, तिथं शिकवायला आस्माला पाठवावं म्हणतो. तेव्हापासून रणधीरच्या पोटात दुखत होतं. बाकीचे गेले, हा मागं राहिला. आस्मा बाहेर नळावर सगळ्यांचे कप धूत होती. तेही त्याच्या डोळ्यांत खुपलं.

“ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस, लेका?” वस्ताद म्हणाले.

“मी का नाही?” रणधीर एकदम म्हणाला. “तिच्यात असं काय आहे?”

“जळतोस?”

“हो.”

“बरं झालं बोललास. पुढं?”

“आजचंच बघा की. कबड्डीचे गुण मोजायचा प्रोग्राम आम्ही दोघांनी केला. निम्मं तिनं लिहिलं, निम्मं मी. चांगलं निम्मं कुठलं, ते दिसतंय.”

“कुठलं?”

“माझं.”

“मग तिचं काढून टाक.”

रणधीर बघतच राहिला. “खरंच?”

“तिचं कुठलं, ते आठवतंय का तुला?”

“ओळ न् ओळ.”

आठवणारच. ती लिहीत होती तेव्हा हा तिच्या बोटांवरच डोळा ठेवून होता. कुठं अडखळते, कुठं चुकते, याची वाट बघत.

तो खुर्चीत बसला. “ही तिची. हीपण. हा अख्खा तुकडा तिचा.” एकेक ओळ पुसताना त्याला बरं वाटत होतं. फार दिवसांनी इतकं बरं वाटत होतं.

वस्तादांनी हात लांबवून ते तसंच सेव्ह केलं. फाइल बंद केली, परत उघडली. आता पुसलेलं परत आणता येणार नव्हतं. जुनं जपून ठेवायची पद्धत त्या तालमीत नव्हती.

“झालं?”

“झालं. आता राहिलंय ते सगळं माझं.”

“ती लिहीत होती तेव्हा बोलत कोण होतं?”

“मी.”

“आणि तू लिहीत होतास तेव्हा?”

रणधीरनं स्क्रीनकडे पाहिलं. उरलेल्या ओळी त्याच्याच हातानं लिहिलेल्या होत्या. वाचायला लागला तर प्रत्येक ओळ तिच्या आवाजात ऐकू यायला लागली.

त्याचा चेहरा उतरला.

“मी माझं परत लिहितो,” तो घाईनं म्हणाला.

एक ओळ लिहिली. पुसली. दुसरी अर्ध्यावर सोडली. तिची बोटं आठवत होती, तिच्या हातातलं निळं कडं आठवत होतं. आपण काय बोललो होतो, ते काही केल्या आठवेना.

वस्तादांनी हाक मारली. “आस्मा, इकडं ये की जरा.”

“आलो, आलो.” कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं बोलत ती ओढणीला हात पुसत आत आली. स्क्रीन बघून थबकली. “आँ? बोनसचं कुठं गेलं?”

रणधीरनं मान खाली घातली.

“त्याला आठवेना झालंय,” वस्ताद म्हणाले.

ती शेजारच्या खुर्चीत बसली. रिवाजाप्रमाणे हात मांडीवर ठेवले. “असं काय करतोस? तूच म्हणालास की. रेडरनं बोनस रेषा ओलांडली म्हणून लगेच गुण द्यायचा नाही. आधी समोर किती जण उरलेत ते बघायचं. सहापेक्षा कमी असतील तर बोनस नाही.” मग हसून म्हणाली, “लई भारी होतं ते. मला सुचलं नसतं.”

रणधीरला ते हसू सहन होईना. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. ओळ पुरी झाली. चालवून बघितली, चालली.

आत अजून जळतच होतं. फक्त कुणावर, ते आता त्याला कळत नव्हतं.

“वस्ताद...” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “मग इचलकरंजीला कोण जाणार?”

वस्तादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वाकून त्या नव्या ओळीखाली बोट ठेवलं.

“ही ओळ ज्याची, त्यानं जावं.”