चिंध्यांनी विणलेली बाज

डोंगराच्या कुशीत फार पूर्वी एक लहानसं गाव होतं. तिथे भागूमावशी नावाची एक बाई मुलांना टाकाऊ कपड्यांतून विणायला शिकवायची. फाटकी लुगडी, विटलेली धोतरं, ती काहीच वाया जाऊ देत नसे. कापडाच्या लांब पट्ट्या फाडायच्या, त्यांना पीळ द्यायचा आणि एक वरून, एक खालून अशा घालत जायचं. मुलं तिच्या अंगणात बसून आसनं नि पायपुसणी विणायची. पट्टी संपली की दुसरी जोडताना दुहेरी गाठ मारा आणि ओढून बघा, एवढं ती पुन्हा पुन्हा सांगायची.

गावात एक सामाईक बाज होती. कुणी आजारी पडलं की माणसं त्याला बाजेवरून डोंगराखाली नेत. एका वर्षी तिचा सुंभ कुजला. मावशी म्हणाली, माझी मुलं ती विणून देतील. चिंध्यांवर माणूस कसा तोलायचा, असं जाणती मंडळी म्हणू लागली, तेव्हा मावशीने आपला शब्द दिला.

बाजेचा मधला भाग येसू नावाच्या मुलीकडे आला. तिचा हात झरझर चालायचा, आणि तिला सगळ्यांच्या आधी संपवायचं होतं. काही ठिकाणी तिने गाठ न मारता टोकं नुसती आत खोचली. वरून काहीच दिसत नव्हतं. उलट तिचंच काम सुबक दिसलं आणि मावशीने तिची पाठ थोपटली.

त्या दिवशी येसूला जेवण गेलं नाही. उद्या सांगू, असं ती रोज ठरवायची, अंगणापर्यंत जायची आणि न बोलता परतायची.

एके सकाळी कुंभाराच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलं होतं. सुईण खालच्या गावात राहायची, आणि म्हातारपणामुळे तिला डोंगर चढवत नसे. बाज आणली. सुनेला तिच्यावर निजवलं. खाली जाणारी वाट दरीच्या कडेकडेने होती.

येसू गर्दीत उभी होती. सुनेची पाठ नेमकी मधल्या विणीवर टेकली होती. येसूच्या मनात आलं, आता बोललं तर सगळ्या गावासमोर शोभा होईल. मावशीचा शब्द खाली पडेल. वेळही जाईल. कदाचित बाज तशीच टिकेल. माणसांनी वाकून दांडे धरले.

"थांबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की कुणी वळलंच नाही. मग तिने पुढे होऊन बाजच धरली. "उचलू नका. मधल्या गाठी मी मारल्याच नाहीत."

कुंभार मटकन खाली बसला. पोरांच्या हाती असली कामं द्यायचीच नसतात, असं कुणीतरी पुटपुटलं. मावशीने सुनेला अलगद उतरवून घेतलं आणि विणीत बोट घातलं. पहिलंच टोक सुटून हातात आलं. मावशीचा चेहरा पांढरा पडला.

"अजून कुठे?" तिने विचारलं. येसूने एकेक जागा दाखवली.

"तूच बांध. मी ओढून बघते."

येसू एकेक टोक उपसून दुहेरी गाठ मारू लागली. शेजारी सून कण्हत होती आणि तिचं कण्हणं वाढत चाललं होतं. शेवटची गाठ बसली, तशी माणसं बाज उचलून भराभर निघाली.

येसू घरी गेली नाही. वाटेच्या वळणावर बसून राहिली. आपल्यामुळे उशीर झाला, हे एकच तिच्या मनात घोळत होतं. ऊन उतरलं तरी कुणी आलं नाही. मावशी येऊन शेजारी बसली.

अखेर एक जण वर चढताना दिसला. तो धापा टाकत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"मुलगी झाली," श्वास सावरून तो म्हणाला. "दोघी सुखरूप आहेत. उतारावर माझा पाय घसरला, बाज दाणकन आदळली. पण वीण धरून राहिली."

येसू गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. मावशीने तिला रडू दिलं.

"मला तुझा राग आलाय," मग ती म्हणाली, "आणि तो इतक्यात जायचा नाही. चल, आधी दोन घास खाऊन घे."

या गोष्टीचं तात्पर्य: आपली चूक सांगायला भीती वाटली तरी ती वेळेत सांगावी, कारण लपवलेल्या चुकीवर दुसरंच कुणीतरी विश्वासाने पाठ टेकतं.