भुंग्याचा चंद्र

कार्तिक वद्य चतुर्थी, गुरुवार, सकाळची न्याहारीची वेळ. रायतळ संस्थानच्या शिकारखान्याचं अंगण. महाराज निंबराजांनी भुंग्या नावाच्या शिकारी कुत्र्याच्या ताटलीत हात घातला आणि भुंग्या गुरगुरला. चावला नाही, दातसुद्धा लावला नाही. तरी तासाभरात त्याला मृत्युदंड झाला.

दंड दिला महाराजांनी, सुचवला त्रिंबकशास्त्र्यांनी. पावसाळ्यात या शास्त्रीबुवांनी शिकारखान्यातल्या एकतीस कुत्र्यांच्या कुंडल्या मांडल्या होत्या आणि राशी बघून कामं वाटली होती. मीन राशीची कुत्री तळ्याकाठी बांधली. त्यांना खरूज झाली. तूळ राशीचा कुत्रा न्यायी, म्हणून त्याला कचेरीच्या दारात बसवलं. त्याने वादी आणि प्रतिवादी दोघांनाही सारखंच चावून आपला समतोल दाखवला. सिंह राशीचा कुत्रा शूर, म्हणून शिकारीत पुढे सोडला, तर रानडुक्कर दिसताच तो दिवाणांच्या पालखीत शिरला. शास्त्रीबुवा म्हणाले, "सिंह गुहेतच विश्रांती घेतो." आणि शहाणीसुरती माणसं माना डोलावत राहिली.

शिकारखान्यात वीस वर्षं पिल्लं वाढवणाऱ्या तानूला या कामवाटण्या बघून हसू यायचं. आज आलं नाही. ती महाराजांसमोर येऊन उभी राहिली.

"सरकार, जेवणाऱ्याच्या ताटात हात घातला तर माणूस बी गुरगुरतो. भुंग्यानं निदान बोटं तरी शाबूत ठेवली."

शास्त्रीबुवांनी पोथी उघडून वाचलं. "जन्मवेळी चंद्र वृश्चिकेत. नीचेचा चंद्र! असा कुत्रा मनात डंख धरतो आणि एक दिवस धन्याचाच घात करतो. हे मी म्हणत नाही, ग्रह म्हणतात."

"ग्रहांनी याला एकदा तरी खायला घातलंय का, शास्त्रीबुवा?"

महाराज चिडले. ते मुळात हट्टी. त्यातून एकदा शास्त्र्याला भर दरबारात शाल दिली म्हणजे शास्त्री खराच असावा लागतो, नाहीतर शाल देणारा वेडा ठरतो.

"तानू, तुझी जीभ फार चालते. ठीक. सूर्य मावळायच्या आत याचा चंद्र वृश्चिकेतून हलवून दाखव. हलला तर कुत्रा तुझा. नाहीतर कुत्रा जाईल आणि तूही संस्थानाबाहेर चालती होशील."

"चंद्र हलवू?"

"तुझ्याने होणार नसेल तर आत्ताच सांग."

"होईल की. पण तवर याला कुणी हात लावायचा न्हाई."

हो तर म्हणून बसली, पण चंद्र काही दावणीला बांधलेला नव्हता की सोडला आणि दुसऱ्या खुंट्याला बांधला. दुपारभर ती भुंग्याशेजारी बसून राहिली. त्याने तिच्या मांडीवर हनुवटी टेकली आणि खुशाल घोरू लागला. त्याच्या कपाळावरून हात फिरवता फिरवता तिचा हात एकदम थांबला. ती उठली, पदर खोचला आणि साखळी धरून त्याला घेऊन दरबारात गेली.

"शास्त्रीबुवा, मी अडाणी बाई. मला पंचांग वाचता येत न्हाई, सण तेवढे कळतात. एक सांगाल का? दसऱ्याला चंद्र कुठल्या राशीत असतो?"

इतका सोपा प्रश्न आपल्याला विचारला, याचाच शास्त्रीबुवांना राग आला. "मकरेत. फार तर कुंभेत."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"एखाद्या वर्षी चुकून वृश्चिकेत?"

"चुकून!" शास्त्रीबुवा दरबाराकडे बघून हसले. "अगं, वृश्चिकेतून तो तीन-चार दिवस आधीच निघून गेलेला असतो. दसऱ्याला तिथे सापडला तर मी शेंडी कापून देईन. झालं समाधान?"

"माझं झालं. आता सरकारांचं." ती महाराजांकडे वळली. "सरकार, चार वर्सांमागं सीमोल्लंघनाहून परत येताना तुम्ही घोडा शिकारखान्याशी थांबवला होता. मैना कुत्री नुकतीच व्याली होती. एकच पिल्लू, ओलं, डोळे मिटलेलं. मी अजून पुसतच होते. तुम्ही त्याच्या डोक्यावर आपट्याचं पान ठेवलं अन् म्हणालात, 'आज रायतळात याच्यापेक्षा लहान कुणी नाही, पहिलं सोनं याला.'"

महाराजांचा हात मिशीवरून खाली आला. ते भुंग्याकडे वळले.

"त्याने माझं बोट चोखलं होतं," ते म्हणाले. "ते पिल्लू हा?"

"हाच. मैना पुन्हा व्यालीच न्हाई."

दिवाण खोकले. शास्त्रीबुवा पोथीची पानं भराभर उलटू लागले, जणू चंद्र दोन पानांच्या मध्ये चिकटून राहिला असावा.

"चंद्र हलवला, सरकार," तानू म्हणाली. "मी न्हाई, शास्त्रीबुवांनीच हलवला. अन् सूर्य अजून वर हाय."

महाराजांना आधी हसू आवरता आवरेना, मग त्यांनी आवरायचं सोडून दिलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. शास्त्रीबुवा "नजरचूक, नजरचूक" म्हणत राहिले, ते कोणी ऐकलं नाही. भुंग्याची साखळी महाराजांनी स्वतः सोडली. तानूला चांदीचं कडं, जरीकाठी लुगडं आणि सगळ्या शिकारखान्याची मुखत्यारी मिळाली. शास्त्रीबुवांची शाल काढून घेतली नाही. शाल महाराजांनीच दिलेली होती ना!

तानूने कडं हातात घातलं, मुजरा केला आणि शास्त्रीबुवांना एकच गोष्ट विचारली. त्याच पावसाळ्यात याच कुंडल्यांवरून आणखी तीन कुत्री मारली गेली होती. तिन्ही जन्मली तेव्हा तिथे तानूखेरीज दुसरं कोणी नव्हतं, आणि जन्माची वेळ तिला कधी कोणी विचारली नव्हती. मग कुंडलीत ती वेळ लिहिली कोणाच्या सांगण्यावरून?

शास्त्रीबुवांनी अजून सांगितलेलं नाही. महाराजांनीही त्यांना विचारलेलं नाही.