तळ्याचं कुलूप आणि शाखेची खुर्ची

सांगा सांगा म्हणून सकाळपासून डोकं खाल्लंत. चहासुद्धा गार दिलात. सांगतो एकदाचं, पण मधे तोंड घालाल तर तिथंच थांबेन.

पिंपळसर संस्थानच्या सरकारांनी तळ्याच्या घाटाला कुलूप घातलं! का, तर सरकारांनी विलायतेहून बदकं आणली होती, आणि धुणं आपटल्याचा आवाज झाला की ती बिचकायची. आता बदकांना झोप पाहिजे म्हणून बायडाक्का परटिणीनं गावाची धुणी कुठं धुवायची? ओढ्याला घोटाभर पाणी नाही. तिची चूल त्या घाटाच्या जिवावर पेटायची.

बायडाक्का तडक समाजवादी शाखेत गेली. शाखा म्हणजे हुसेनभाई शिंप्याच्या दुकानाचा ओटा. चिटणीस दामले मास्तर, कर्णिक वकील, हुसेनभाई आणि आणखी चार डोकी. माणसं सोन्यासारखी. तुरुंगाला न भिणारी. पण दोघांचं कशावर जमेल तर शपथ! निशाणाचं कापड किती लांब असावं यावर त्यांचा अख्खा उन्हाळा गेला होता आणि निशाण अजून शिवायचंच होतं.

शाखेची एक रीत होती. जो खुर्चीवर बसेल त्यानं आधी आपलं मत सांगायचं आणि बाकीच्यांनी ते खोडायचं. त्यामुळं खुर्चीवर बसायला कुणी धजत नसे. खुर्ची तरी शाखेची कुठं होती? सभा असली की आमच्या घरून उसनी जायची. शिसवी, हातांची, आजोबांनी घेतलेली. हे लक्षात ठेवा.

"मास्तर, मोर्चा काढा," बायडाक्का म्हणाली. "कुलूप निघालं पाहिजे."

"मोर्चा?" वकील म्हणाले. "आधी अर्ज. मग दुसरा अर्ज. मग धरणं."

"धरणं कशाला, उपोषण करू की!" हुसेनभाई म्हणाले.

"तुम्ही कालच तीन भाकरी जास्त खाल्ल्यात," मास्तर म्हणाले. "आणि मुळात जगाची परिस्थिती काय आहे, हे पाहिल्याशिवाय तळ्याकडं जाताच येत नाही!"

"मास्तर, जग राहू दे, माझी धुणी वास मारायला लागलीत!"

तेवढ्यात घोड्याच्या टापा. सरकार फेरफटक्याला निघाले होते. ओट्यावरची भांडणं ऐकून त्यांनी घोडा थांबवला. मिशीला पीळ देत म्हणाले, "काय मंडळी, क्रांती कुठवर आली?"

"तळ्याच्या दारापर्यंत आली, सरकार," बायडाक्का म्हणाली. "पुढं कुलूप आहे."

सरकारांना गंमत वाटली. "असं म्हणतेस? मग ऐका. उद्या सकाळी मी इथंच येतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून एका तोंडानं एक मागणी करा. तिथल्या तिथं मान्य! पण दोन तोंडं झाली, तर तळ्याचं कुलूप कायम आणि या ओट्यालाही दुसरं कुलूप!"

हसत हसत सरकार गेले.

"एका तोंडानं कसं बोलायचं, यावर उपसमिती नेमू," मास्तर म्हणाले.

"उपसमितीत मी नाही," वकील म्हणाले.

"वकील नाहीत तर मीही नाही!" हुसेनभाई म्हणाले. "कुलूप काढा म्हणायचं की फोडा म्हणायचं, तेच ठरेना अजून!"

बायडाक्कानं कपाळाला हात लावला. मग तो हात काढून म्हणाली, "माझं एक ऐका. उद्या काही ठरवून येऊच नका. फक्त वेळेवर या. आणि ती खुर्ची तेवढी आणून ठेवा."

हे मात्र त्यांना जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर सारा गाव लोटला. सरकार आले. मास्तरांनी जगाच्या परिस्थितीसाठी घसा खाकरला, तोच बायडाक्का पुढं झाली.

"सरकार, पाहुण्यानं उभं राहायचं? खुर्ची घ्या."

सरकार ऐसपैस बसले. "हं, बोला!"

"आमच्यात खुर्चीवरच्या माणसानं आधी बोलायची रीत आहे. तळ्याबद्दल आपलं मत काय, ते सांगा म्हणजे सभा सुरू होईल."

"वा! रीत चांगली आहे," सरकार खूश झाले. "माझं मत विचाराल, तर कुलूप राहावं. बदकं गुणी आहेत. परटिणीनं धुणं घरात आपटावं!"

झालं! खुर्चीवरचं मत कानावर पडलं आणि ओटा उसळला. मास्तर, वकील, हुसेनभाई, मागची चार डोकी, सगळे एकदम ओरडले, "कुलूप काढा!"

ओरडले आणि एकमेकांकडं बघतच राहिले. असं कधी झालंच नव्हतं.

"मिळाली मागणी, सरकार!" बायडाक्का म्हणाली.

"थांब, थांब!" सरकार म्हणाले. "यांनी नुसतं माझं म्हणणं खोडलं. आणि इथं दोन तोंडं झालीच की. मी राहावं म्हणालो, हे काढा म्हणाले!"

"बरोबर आहे, सरकार. यांचं तोंड एकच आहे. दुसरं तुमचं आहे. आता तुम्ही शाखेत नाव घातलं असेल, तर दोन धरा!"

गाव खदाखदा हसला. सरकारही असे हसले की घोडा बिचकला. डोळे पुसत म्हणाले, "अगं, पण माझ्या बदकांचं काय?"

"त्यांना आवाजाची सवय होईल. तुम्हाला यांच्या घोषणांची झालीच ना?"

सरकार पुन्हा हसत मागं रेलले, आणि काडकन आवाज झाला. खुर्चीचा पाय गेला! सरकार खाली, पाय वर, तरी हसणं चालूच. पडल्या जागेवरूनच त्यांनी घाटाची किल्ली काढून बायडाक्काच्या हातावर ठेवली. "आणि राजवाड्याचं धुणंही आजपासून तुझ्याकडं!"

"सरंजामी हातातून किल्ली घ्यावी का, यावर आधी चर्चा..." मास्तर सुरू झाले. तोवर किल्ली पदराच्या गाठीत गेली होती आणि बायडाक्का घाटाच्या वाटेला लागली होती.

सगळं छान झालं. पण आमच्या आजोबांच्या शिसवी खुर्चीला साऱ्या गावादेखत "कुजकी होती हो पहिल्यापासून!" असं कोण म्हणालं? आता काठी टेकत रोज माझ्या दारावरून जातो, पण माफीचा शब्द अजून काढलेला नाही, त्या कर्णिक वकिलानं!