दाराबाहेरची हाक

एका राज्यात तिन्हीसांजा झाल्या की दारं लावून घ्यायची रीत पडली होती. लोक सांगत, काळी घोंगडी पांघरून कोणीतरी येतं, ओळखीच्या आवाजात हाक मारतं. जो दार उघडतो तो दगड होतो. आधी ही नुसती कुजबुज होती. मग एके सकाळी कुंभारवाड्यातली सून उंबरठ्यावर खरोखरच दगड झालेली दिसली. तिच्यामागून आणखीही झाले. भ्यालेल्या नगराने वेशीबाहेर एकट्या राहणाऱ्या भागूला चेटकीण ठरवलं आणि ठेचून मारलं. हाका थांबल्या नाहीत.

तेव्हा राजा कीर्तिध्वजाची बहीण मृणालवती वनात गेली. तिथे एका मेलेल्या मांत्रिकाचा म्हातारा पोपट, राघू, राहत असे. धन्याचे सारे शाप त्याला पाठ होते.

"राजा जे दडवील, ते प्रजेच्या दाराशी येईल," राघू म्हणाला. "तीन घरी जा. हाक कुणाच्या आवाजात येते, एवढंच विचार."

पहिल्या घरी साळीण म्हणाली, नवऱ्याच्या. दुसऱ्या घरी आंधळ्या म्हाताऱ्याने मुलाचं नाव घेतलं. तिसऱ्या घरची पोर म्हणाली, दादाच्या. तिघेही उत्तरेच्या मोहिमेवर गेलेले. फौज जिंकत पुढे चालली आहे, अशी दवंडी तर दर अमावास्येला पिटली जात होती.

मृणालवती भावापुढे उभी राहिली.

"फौज कुठे आहे?"

राजाने मान फिरवली. "खिंडीत. एकही उरला नाही. हे कळलं असतं तर राज्य टिकलं नसतं."

"लोकांच्या मनाला ते कळलंच आहे. विचारायचा धीर नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी राजाने चौकात उभं राहून, मुकुट उतरवून, मेलेल्यांची नावं एकेक करून सांगितली. आकांत उसळला. दगड झालेली माणसं हलली, त्यांनी श्वास घेतला, आणि जिवंत होताच त्यांच्या कानी पडली ती हीच बातमी. काळी घोंगडी पुन्हा कोणाला दिसली नाही.

मग सारं नगर नदीवर गेलं. ज्याने त्याने आपल्या माणसासाठी तिळपाणी सोडलं. साळीण मात्र पाण्यातच उभी राहिली. भागूवर पहिला धोंडा तिनेच टाकला होता. तिने पुन्हा ओंजळ भरली, भागूचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं.