मिटलेल्या पापणीची खूण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. विकणाऱ्याचं तोंड न पाहता माल घेणारी माणसं तेव्हाही होतीच.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक काजळवाली राहायची. एरंडेलाचा दिवा लावून तांब्याच्या ताटलीवर ती काजळी धरायची, तुपात खलायची आणि लाकडी डब्यांत भरायची. प्रत्येक झाकणावर ती एक खूण रंगवायची, मिटलेली पापणी. त्या डब्या बैलांवर लादून तांडा दूरदूरच्या गावांना जाई. तिथल्या बायकांनी काजळवालीला कधी पाहिलं नव्हतं. झाकणावर पापणी दिसली की त्या डबी घेत आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतही बिनघोर बोट फिरवत.

त्या मुलखातल्या बाजाराची एक रीत होती. वेशीजवळच्या दगडी खांबावर ज्याने आपली खूण कोरून घेतली, ती खूण त्याची. मालाबद्दल तक्रार आली, तर खुणेच्या धन्याने तोच माल पंचांसमोर स्वतः वापरून दाखवायचा. तूपवाल्याने तूप खायचं, जोडेवाल्याने जोडे घालून चालायचं.

तांड्याचा नाईक काजळवालीला सांगून थकला की बाई, एकदा बाजारात या आणि खूण कोरून घ्या. ती हसण्यावारी न्यायची. चांगल्या मालाला दगडाची साक्ष कशाला, असं तिचं म्हणणं. त्यात थोडा गर्व होता आणि खरं सांगायचं तर थोडा आळसही होता.

शेजारच्या गावात एक हिकमती माणूस होता. आपण त्याला नकल्या म्हणू. त्याने जळक्या तेलाची काजळी आणि चुलीतली राख कालवली, तश्शाच डब्या केल्या, वर तश्शीच पापणी काढली आणि दुसऱ्या तांड्याबरोबर स्वस्तात धाडून दिल्या.

काही महिन्यांनी नाईक परतला तो काजळवालीच्या डब्या तशाच घेऊन. पापणीवालं काजळ आता कुणी हातात धरत नव्हतं. एका नवरीचे डोळे ऐन लग्नात सुजले होते. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोरचा नवरा तिला दिसलाच नाही. तिच्या आईने तळतळाट केला तो काजळवालीच्या नावाने. विक्री बुडाली याहून, न केलेलं पाप आपल्या माथी आलं, हे काजळवालीला जास्त लागलं.

तिने पापणीखाली एक ठिपका वाढवला. पुढच्याच बाजाराला नकल्याच्या पापणीखालीही ठिपका आला. नक्कल करायला अक्कल लागते कुठे, डोळे असले की भागतं!

शेवटी ती खूण कोरायला वेशीवर गेली. खांबावर पापणी आधीच होती, नकल्याच्या नावाने. वर त्यानेच पंचांकडे गाऱ्हाणं घातलं, की ही बाई माझी खूण चोरते. चोर तो चोर, वर शिरजोर.

पंच जमले. रीतीप्रमाणे खूण नकल्याची ठरत होती. एकदा ती गेली की काजळवालीच्या साऱ्या आयुष्याची मेहनत परक्याची होणार होती. ती म्हणाली, "खूण यांची असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मग त्या नवरीची तक्रारही यांचीच. रीतीप्रमाणे यांनी ते काजळ डोळ्यांत घालावं."

नाईकाने नवरीच्या घरून आणलेली डबी पुढे ठेवली. नकल्याने ती उघडली. बोट काजळात बुडवलं, डोळ्यापर्यंत नेलं आणि ते तिथेच थांबलं. आपण त्यात काय कालवलंय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"ही डबी माझी नाही," तो पुटपुटला. "हिचीच असेल."

काजळवालीने डबीकडे हात पुढे केला. पंचांपैकी एक म्हातारे म्हणाले, "राहू दे, बाई. ज्याला आपल्या खुणेचा माल डोळ्यांत घालवत नाही, त्याची ती खूण नव्हे."

नकल्याचं नाव छिन्नीने खरवडलं गेलं. बाजार त्याला कायमचा बंद झाला. पापणीखाली काजळवालीचं नाव कोरलं गेलं. लोकांनी तिची पाठ थोपटली, तीही खुलली. तेवढ्यात म्हाताऱ्या पंचांनी तिला जवळ बोलावलं.

"नाईक सांगत होता तेव्हाच आली असतीस, तर त्या पोरीचे डोळे वाचले असते. एका डोळ्याची नजर गेली तिची."

काजळवाली खाली मान घालून उभी राहिली. पुढे तिचं काजळ पुन्हा गावोगाव जाऊ लागलं, पण त्या नवरीच्या गावात ते कुणी कधीच घेतलं नाही, आणि तिनेही त्या गावाला कधी दोष दिला नाही.

तात्पर्य: कमावलेलं नाव वेळीच राखावं, ते बेवारस सोडलं तर त्याची किंमत त्या नावावर विसंबणाऱ्याला मोजावी लागते.