होडीखालचं घर

सोळा नोव्हेंबर. ऊन स्वच्छ. वारा चांगला. भरती दुपारी.

खाडीच्या काठी ओली वाळू होती. वाळूत एक बीळ होतं. बिळात एक इटुकला खेकडा राहायचा. बीळ त्याने स्वतः खणलं होतं. वाळूची एकेक गोळी बाहेर टाकून.

सकाळी ओहोटी लागली. खेकडा खाऊ शोधायला गेला. तुरुतुरु, आडवा आडवा.

परत आला. बघतो तर काय? दार नाही. दारावर होडी बसलेली. भली मोठी होडी.

होडी होती भार्गवकाकांची. काकांनी ती अंगणात बांधली. आपल्या हातांनी बांधली. फणसाचं लाकूड, पिवळा रंग, निळा पट्टा. आज तिला शर्यतीला जायचं होतं. काकांनी ती काठावर आणली आणि ठेवली. कुठे ठेवली? नेमकी खेकड्याच्या दारावर.

खेकड्याला राग आला. त्याने नांग्या वर केल्या. कट कट, कट कट.

लांब एक बगळा उभा होता. पांढरा पांढरा, लांब चोचीचा. त्याला खेकडे आवडायचे. बिनघराचे तर फारच.

खेकडा म्हणाला, "होडीबाई, होडीबाई, सरक. तू माझ्या घरावर बसलीस."

होडी म्हणाली, "मी कशी सरकू? शीड फुगलं तर सरकेन."

बगळा एक पाऊल पुढे आला. टप.

खेकडा शिडाकडे गेला. तुरुतुरु, आडवा आडवा.

"शिडोबा, शिडोबा,
होडी सरकेना,
घर माझं मिळेना.
हा काय न्याय झाला?"

शीड घडी घालून पडलं होतं. ते म्हणालं, "मी कसं फुगू? दोरीने ओढलं तर फुगेन."

बगळा एक पाऊल पुढे आला. टप.

खेकडा दोरीकडे गेला. तुरुतुरु, आडवा आडवा.

"दोरीताई, दोरीताई,
शीड फुगेना,
होडी सरकेना,
घर माझं मिळेना.
हा काय न्याय झाला?"

दोरी वेटोळं करून बसली होती. ती म्हणाली, "मी कशी ओढू? काकांनी हात लावला तर ओढेन."

बगळा एक पाऊल पुढे आला. टप.

खेकडा काकांकडे गेला. तुरुतुरु, आडवा आडवा. काका होडी पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

"काका, काका,
दोरी ओढेना,
शीड फुगेना,
होडी सरकेना,
घर माझं मिळेना.
हा काय न्याय झाला?"

काकांनी कान पकडले. बीळ त्यांना दिसलंच नव्हतं. पण त्यांचाही इलाज नव्हता. नवी होडी म्हणजे घरची लेक. बारसं झाल्याशिवाय ती पाण्यात जात नाही. आणि बारशाला नाव ठेवते आत्या. आत्या होती काकांची बहीण, यमूआत्या. ती ओटीवर रुसून बसली होती.

काका म्हणाले, "मी कसा हात लावू? आत्याने नाव ठेवलं तर लावेन."

बगळा एक पाऊल पुढे आला. टप.

खेकडा ओटीवर चढला. तुरुतुरु, आडवा आडवा. आत्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"आत्याबाई, आत्याबाई,
काका ऐकेनात,
दोरी ओढेना,
शीड फुगेना,
होडी सरकेना,
घर माझं मिळेना.
हा काय न्याय झाला?"

आत्या वळली. म्हणाली, "दारावर होडी ठेवताना तुला विचारलं नाही?"

"नाही."

"मलाही कोणी विचारत नाही. बैस असा."

मग आत्याने सगळं सांगितलं. बारसं म्हटलं की घुगऱ्या हव्यात. घुगऱ्या म्हणजे शिजवलेले हरभरे. सगळ्यांना मूठ मूठ वाटायचे. भावाने रात्री हरभरे भिजवले. सकाळी होडी पुसायला बसला आणि हरभरे विसरला. रंग लावायला विसरला नाही. पट्टा ओढायला विसरला नाही. भाचीच्या बारशाच्या घुगऱ्या तेवढ्या विसरला.

आत्या म्हणाली, "मी कशी नाव ठेवू? घुगऱ्या शिजल्या तर ठेवेन."

आता बगळा अंगणात आला. टप. टप.

खेकडा घरात पळाला. तुरुतुरु, आडवा आडवा. चुलीवर पातेलं होतं. पातेल्यात हरभरे होते.

"हरभऱ्यांनो, हरभऱ्यांनो,
आत्या येईना,
काका ऐकेनात,
दोरी ओढेना,
शीड फुगेना,
होडी सरकेना,
घर माझं मिळेना.
हा काय न्याय झाला?"

हरभरे म्हणाले, "आम्ही कसे शिजू? चूल पेटली तर शिजू."

खेकडा चुलीपुढे उभा राहिला. नांग्या वर केल्या. कट कट, कट कट.

"चुलीबाई, चुलीबाई,
हरभरे शिजेनात,
आत्या येईना,
काका ऐकेनात,
दोरी ओढेना,
शीड फुगेना,
होडी सरकेना,
घर माझं मिळेना.
हा काय न्याय झाला?"

चूल म्हणाली, "माझ्यात निखारा आहे. पण लाकूड कुठे आहे? घरातलं सगळं लाकूड होडीने नेलं. मी कशी पेटू? लाकूड मिळालं तर पेटेन."

पुन्हा होडी.

खेकडा आता कोणाकडे जाणार? कोणीच उरलं नव्हतं.

खेकडा म्हणाला, "मीच आणतो."

होडी जिथे बांधली, तिथे मांडव होता. मांडवाखाली रंध्याने तासताना निघालेल्या ढलप्या पडल्या होत्या. पातळ पातळ, गोल गोल. होडीचंच लाकूड. होडीला नको झालेलं.

मांडवाच्या खांबाशी बगळा उभा होता.

खेकडा थांबला. बगळ्याने मान लांब केली. खेकड्याने एक ढलपी पकडली. डोक्यावर धरली. खाली खेकडा, वर ढलपी. बगळ्याने चोच मारली. टोच. ढलपीला भोक पडलं. खेकडा पळाला.

चुलीत ढलपी टाकली. पुन्हा गेला. ढलपी आणली. पुन्हा गेला. ढलपी आणली. टोच, टोच, टोच. सगळ्या ढलप्यांना भोकं. खेकड्याला एकही नाही.

मग काय झालं?

निखाऱ्याने ढलपी धरली, भक् भक्.
चूल पेटली, धड धड.
हरभरे शिजले, रट रट.
आत्या उठली, पटकन.

आत्याने घुगऱ्यांत मीठ घातलं. खोबरं घातलं. पातेलं घेऊन ती काठावर आली. काका उभे राहिले. खाली बघत म्हणाले, "यमे, चुकलो."

आत्या म्हणाली, "ते मला कळलं. आता पाठ थोपट."

काकांनी आत्याची पाठ थोपटली. आत्या होडीच्या टोकाशी वाकली. कुर्र्र्र. तिने होडीच्या कानात नाव सांगितलं. नाव ठेवलं भिंगरी.

मग आत्याने घुगऱ्या वाटल्या. काकांनी हात पुढे केला. आत्या म्हणाली, "थांब. ज्याने चूल पेटवली, त्याला आधी."

खेकड्याला एक हरभरा मिळाला. त्याच्या अंगाएवढा.

एवढ्यात भरतीचं पाणी होडीच्या पोटाशी आलं. बगळाही आला. टप. टप. टप.

काकांनी हात लावला, दोरी ओढली, सर्र सर्र.
दोरीने शीड वर नेलं, फड फड.
शिडात वारा शिरला, फुग फुग.
होडी सरकली, सुळुक.

खाली दार होतं. थोडं बुजलेलं. खेकड्याने वाळू उकरली. भराभरा, भराभरा. बगळ्याने मान लांब केली.

खेकडा आत गेला. हरभराही आत ओढला.

टोच. चोचीत वाळू आली.

शर्यतीत भिंगरी चौथी आली. बगळा पुढच्या वळणाला गेला. पाणी बिळावरून गेलं. खेकडा घरात होता.