मूठभर वाळूचा घाणा

कोळवटच्या खाडीकाठी उंडीच्या झाडाखाली तेलाच्या घाण्याचं जुनं दगडी उखळ आहे. वरपासून खालपर्यंत उभी भेग, आणि भेगेत समुद्राची वाळू. पाहुणे आले की एझ्राकाका कोळवटकर आधी त्यांना उखळावर टेकण्याबद्दल दटावतात आणि मग गोष्ट सांगतात.

हा घाणा लेआबाईचा. नवरा गेल्यावर ती एकटीच बैल हाकायची. शुक्रवारी दिवस मावळला की बैल सोडायचा, तो शनिवार सरल्यावरच जुंपायचा. गाव तिला शनवार तेलीण म्हणे. तिच्या यहुदी पूर्वजांचं जहाज या किनाऱ्याशी फुटून त्यांची पोथी-पुस्तकं बुडाली, ती कैक पिढ्यांपूर्वी. हाती राहिला तो एवढा शनिवार, आणि सासूच्या तोंडून ऐकलेल्या चार गोष्टी.

एकदा म्हणे खोताच्या घरी रविवारचं लग्न निघालं आणि ऐन शनिवारी तेल संपलं. खोत स्वतः गडी घेऊन आला.

"घाणा जुंप. नाहीतर उद्यापासून तुझ्याकडं कुणी तीळ घालणार नाही."

पोट त्याच घाण्यावर होतं. तरी लेआबाई जागची हलली नाही. "आज न्हाय, खोतदादा. देवाचा दिस हाय."

"कुठल्या देवाचा? पुस्तक दाखव!"

"पुस्तक बुडालं. वचन न्हाय बुडालं. आमच्या अब्राहामाला देव बोललाय, तुझी लेकरं दर्याच्या वाळूवानी होतील, कुणाला मोजता येणार न्हाईत."

खोत पोट धरून हसला. "वाळू? अगं, मूठभर तुम्ही!"

गड्यांनी बैल जुंपला. लेआबाई त्याच्या वाटेतच फतकल मारून बसली. बैल तिच्यापाशी आला आणि थांबला. आसूड बसले, पाठ सोलून निघाली, तरी त्यानं पाऊल उचललं नाही. मग चिडलेल्या खोतानं बैल सोडवून गड्यांनाच घाण्याची लाट, बैल ओढतो ते आडवं लाकूड, ओढायला लावली. लाट हिसकली, लेआबाईच्या मांडीवर आदळली, आणि त्याच क्षणी उखळ कडाडून तडकलं, असं सांगतात. तेलाचा थेंब निघाला नाही.

सगळे हबकले. लेआबाई मात्र उखळाला धरून उठली, लंगडत पुढं आली आणि चक्क हसली.

"आमचा याकोब रातभर देवदूताशी झुंजला, त्यालाही मांडीतच लागलं व्हतं. लंगडत परतला, पण नवं नाव घेऊन. इस्राएल! आता इचारा मला, मी कोण ती."

तिनं स्वतःच खाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बेने इस्राएल! इस्राएलाची लेकरं!"

घाणा मोडला तो मोडलाच. लेआबाई पुढं दुसऱ्यांच्या घाण्यावर राबली, जन्मभर लंगडली. पण शनिवारी तिला कुणी कामाला हाक मारली नाही. खोताकडच्या लग्नात म्हणे निम्म्या पणत्या कोरड्याच होत्या. हे सांगताना काकांना अजून आनंद होतो.

आजही बाळाचं नाव ठेवलं की आई त्याला घेऊन इथं येते आणि मुद्दाम लंगडत उखळाला फेरी घालते. नवख्यांना वाटतं, बाईचा पाय दुखावलाय. म्हातारी माणसं विचारतात, "कोण आलं?" आई बाळाचं नाव सांगते आणि पुढं जोरात म्हणते, "बेने इस्राएल!" मग भेगेत मूठभर वाळू पडते.

एखादा पाहुणा हमखास विचारतो, "आता तुमची माणसं राहिली तरी किती इथं?"

एझ्राकाका वाकतात, भेगेतली मूठभर वाळू उचलून त्याच्या तळहातावर ठेवतात.

"घ्या. मोजा."